मेजर घरी आले, त्यानंतर

आमच्या गावात फौजेतून परतलेला प्रत्येक माणूस ‘मेजर’ असतो. कुणी शिपाई म्हणून निवृत्त झालेला असो, कुणी हवालदार म्हणून. पारावरून हाक येते ती ‘काय मेजर, कुठं निघाला?’ अशीच. माझे वडील, आमचे आण्णा, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार होऊन १९९६ साली घरी आले, तेव्हा मी अकरा वर्षांची होते. एसटीच्या टपावरून त्यांची काळी पत्र्याची ट्रंक उतरवली. तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव. आजीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. रात्रीपर्यंत सोप्यात माणसांची रीघ होती, आणि आम्हा सगळ्यांच्या मनात एकच होतं की आता आण्णा कायमचे घरचे झाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला त्यांनी आम्हा भावंडांना उठवून अंगणात उभं केलं. महिनाभरानं थोरल्या भावानं त्यांच्याशी बोलणं टाकलं. आई ज्या घराचा कारभार इतकी वर्षं एकटी बघत होती, त्याच घरात तिला उसाच्या बिलापासून मिठाच्या पुडीपर्यंत सगळ्याचा हिशेब द्यावा लागू लागला. आण्णा घरात झोपत नसत. सोप्यावर, भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून पडत. थंडीत त्यांच्या बोटांची टोकं पांढरी पडत आणि ते हात काखेत लपवत. आम्ही म्हणायचो, वय झालं. तेव्हा ते चाळिशीसुद्धा ओलांडलेले नव्हते.

आज मी माजी सैनिकांच्या घरांमध्ये जाते, त्यांच्या बायकांशी, मुलांशी बोलते, तेव्हा हेच घर मला पुन्हा पुन्हा भेटतं. दरवर्षी देशात तिन्ही दलांतून सुमारे ६० हजार माणसं निवृत्त होतात, त्यातली बहुतेक पस्तीस ते पंचेचाळीसच्या वयात. सैनिक घडवायला रेजिमेंटल सेंटर कित्येक महिने घेतं. सैनिकाला पुन्हा घरचा माणूस करायला मात्र कुणी वेळ ठरवून दिलेला नाही. ते काम घरालाच करावं लागतं, आणि ते घराला कुणी शिकवलेलं नसतं. हा लेख त्यासाठी आहे: जो परत आला आहे त्याच्यासाठी, आणि ज्यांच्याकडे तो परत आला आहे त्यांच्यासाठी.

सुट्टी वेगळी, परतणं वेगळं

आधी एक साधा हिशेब मांडा. जवानाला वर्षाला ६० दिवस वार्षिक आणि ३० दिवस नैमित्तिक सुट्टी असते. सगळी सुट्टी दरवर्षी मिळाली असं धरलं, तरी १७ वर्षांच्या नोकरीत ती १५३० दिवस भरते, म्हणजे सव्वाचार वर्षंही नाहीत. त्यात प्रवासाचे दिवस, लग्नं, जत्रा, शेतीची कामं. नवराबायकोनं आणि मुलांनी एकमेकांसोबत रोजचं साधं आयुष्य जगून बघितलेलंच नसतं. सुट्टीत आलेला बाप पाहुणा असतो. त्याच्यासाठी कोंबडं कापलं जातं, मुलांचे लाड होतात, भांडणं पुढं ढकलली जातात. तो कायमचा आला की ती ढकललेली सगळी भांडणं एकदम दारात उभी राहतात.

म्हणून पहिले सहा महिने हा कसोटीचा काळ आहे हे घरात मोठ्यानं बोलून घ्या. ‘आपल्याला एकमेकांची सवय व्हायला वेळ लागणार आहे’ एवढं एक वाक्य सगळ्यांसमोर म्हटलं गेलं, तरी पुढच्या अनेक रागांची धार कमी होते.

या सहा महिन्यांत तीन गोष्टी पाळा. पहिली, घराचे व्यवहार एका दिवसात ताब्यात घेऊ नका आणि देऊही नका. बँक, शेती, मुलांची शाळा, किराणा यांपैकी एकेक गोष्ट दोघांनी मिळून बघायला सुरुवात करा. बाईनं इतकी वर्षं ओढलेला गाडा तिच्या हातून काढून घेणं हा तिचा अपमान आहे, आणि नवऱ्याला कशातच न विचारणं हा त्याचा. दुसरी, मुलांना शिस्त लावण्याआधी त्यांची ओळख करून घ्या. शाळेत सोडायला जा, त्यांच्या मित्रांची नावं पाठ करा, एखादा विषय त्यांच्याकडून शिका. मुलगा ‘जी सर’ म्हणून उभा राहत नाही म्हणजे तो बिघडलेला आहे असं नाही. तो भरती झालेला नाही एवढंच. तिसरी, घर, गाडी, जमीन, धंदा यांचा कोणताही मोठा निर्णय या सहा महिन्यांत घेऊ नका. त्याचं कारण पुढं पैशाच्या भागात सांगते.

सवयी मोडू नका, त्यांना जागा द्या

पहाटे उठणं, वस्तू जागच्या जागी ठेवणं, दहा मिनिटांत जेवण उरकणं, कुठंही गेलं तरी आधी दार कुठं आहे ते बघणं, रात्री कडी तीन वेळा तपासणं, वेळ न पाळणाऱ्या माणसावर भडकणं. घरच्यांना या गोष्टी विक्षिप्त वाटतात. सीमेवर याच सवयींनी माणूस जिवंत राहिलेला असतो. ज्या सवयीनं पंधरा-सतरा वर्षं जीव वाचवला, ती पेन्शनच्या पहिल्या तारखेला कशी सुटेल?

तेव्हा भांडण सवयीशी करू नका. तिच्यासाठी घरात जागा शोधा. पहाटे उठायचंच आहे तर गोठ्याची किंवा बागेची पाळी त्यांची. वेळ पाळायचीच आहे तर नातवंडांची शाळेची गाडी त्यांच्या हाती. हॉटेलात गेल्यावर त्यांना भिंतीकडची, दार दिसेल अशी खुर्ची द्या. त्यासाठी कारण विचारायची गरज नाही. झोपलेल्या माणसाला हलवून उठवू नका. पायाकडच्या बाजूला, थोडं लांब उभं राहून नावानं हाक मारा. दचकून उठलेल्या माणसाचा हात आधी उठतो आणि ओळख मागून पटते.

गणपतीच्या मिरवणुकीतल्या डीजेबद्दल आणि दिवाळीच्या फटाक्यांबद्दल त्यांच्याशी आधी बोला. पाठीमागून अचानक माळ लावण्याची थट्टा कुणालाही करू देऊ नका. ज्यांना हे आवाज सोसत नाहीत, त्यांनी त्या संध्याकाळी मळ्यात किंवा पाहुण्यांच्या गावी जाण्यात काही कमीपणा नाही.

शरीर बोलतं, ते ऐका

फौजेनं कमावलेलं शरीर आयुष्यभर तसंच राहील असा बहुतेकांचा समज असतो. खरं तर पीटी थांबते आणि लंगरच्या सवयीचं जेवण चालू राहतं. दोन-तीन वर्षांत वजन, रक्तदाब आणि साखर वाढते. वर्षानुवर्षं पाठीवर ओझं घेऊन चढउतार केलेल्यांचे गुडघे आणि कंबर चाळिशीतच कुरकुरायला लागतात. तोफखान्यात किंवा फायरिंग रेंजवर दीर्घकाळ काम केलेल्यांना ऐकू कमी येतं, कानात सतत शिट्टी वाजल्यासारखी वाटते. टीव्हीचा आवाज वाढत चालला, हाक दोनदा मारावी लागू लागली, की कानाची तपासणी करून घ्या. मोठ्या आवाजानं गेलेलं ऐकणं परत येत नाही, पण श्रवणयंत्रानं माणूस पुन्हा गप्पांमध्ये येतो. ऐकू न येणारा माणूस हळूहळू घुमा होतो आणि घरच्यांना वाटतं त्याचा स्वभाव बदलला.

बर्फाळ प्रदेशात काम केलेल्यांची बोटं थंडीत बधिर होणं, पांढरी पडणं हा हिमदंशाचा मागं राहिलेला परिणाम असू शकतो. तसं दिसलं तर ते डॉक्टरला मुद्दाम सांगा, कारण सांगितल्याशिवाय ते त्याला कळणार नाही.

उपचारांसाठी माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, म्हणजे ईसीएचएस, १ एप्रिल २००३ पासून सुरू आहे. पेन्शनर, पत्नी, अवलंबून असलेली मुलं आणि आईवडील यांना तिचा लाभ मिळतो. आधी पॉलिक्लिनिकमध्ये जायचं, तिथून गरज पडल्यास संलग्न रुग्णालयाची चिठ्ठी घ्यायची, हा नेहमीचा मार्ग. जिवावरचा प्रसंग असेल तर जवळच्या कोणत्याही रुग्णालयात दाखल करा, मात्र ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवा. ही एक गोष्ट विसरल्यामुळे बिलं अडकलेली मी पाहिली आहेत. कार्डाची झेरॉक्स आणि पॉलिक्लिनिकचा फोन नंबर फ्रीजच्या दारावर चिकटवून ठेवा.

अवयव गमावलेल्यांसाठी पुण्यात १९४४ पासून कृत्रिम अवयव केंद्र आहे. कमरेखाली लुळे पडलेल्या जवानांसाठी खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, आणि अपंगत्व आलेल्या जवानांना नवं काम शिकवणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूटही खडकीलाच आहे. शरीराचं नुकसान झालेल्या माणसाचं आयुष्य कुठवर जाऊ शकतं, हे सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांनी दाखवलं. फौजेतला हा बॉक्सर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाला. उपचार म्हणून पोहायला लागला, आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ३७.३३ सेकंदांची वेळ देऊन त्यानं भारताला पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडलं. प्रत्येकाला पदक मिळणार नाही. पण पोहणं, चालणं, खेळणं यातलं काहीतरी रोजच्या वेळापत्रकात असायला हवं, हे मात्र प्रत्येकाला लागू आहे.

मनाची जखम

युद्धाचा किंवा चकमकींचा अनुभव घेतलेला प्रत्येक सैनिक आजारी पडत नाही. बहुतेक जण सावरतात. पण काहींच्या मनात तो प्रसंग संपत नाही. तीच स्वप्नं पडतात, डोळ्यांसमोर तेच चित्र उभं राहतं, त्या आठवणीकडे नेणारी माणसं आणि जागा टाळल्या जातात, कशातच रस वाटत नाही, आपल्या माणसांपासून तुटल्यासारखं वाटतं, झोप येत नाही, लहानशा आवाजानं अंग ताठ होतं. हे महिनाभराहून जास्त चाललं तर त्याला आघातोत्तर ताणाचा विकार म्हणतात; डॉक्टर त्याला पीटीएसडी म्हणतील. पहिल्या महायुद्धात त्याला ‘शेल शॉक’ म्हणत आणि त्यानं ग्रासलेल्या कित्येकांना भेकड ठरवलं गेलं. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचे हाल समोर आल्यावर १९८० साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला आजार म्हणून अधिकृत नाव दिलं. तो प्रसंगानंतर लगेच दिसतो तसा अनेक वर्षांनीही वर येतो. बरेचदा नोकरी संपल्यावर, कारण नोकरीत विचार करायला सवड नसते.

यावर उपचार आहेत. आघातावर काम करणारी बोलण्याची उपचारपद्धती आणि गरजेप्रमाणे औषधं यांनी पुष्कळ जण बरे होतात. केंद्र सरकारच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि त्यावर मराठीत बोलता येतं. सेनादलांसाठी या सेवेचा खास कक्ष १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. १४४१६ हा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असू द्या. सैनिकानं फोन केला नाही तरी त्याच्या बायकोला किंवा मुलाला सल्ला घेता येतो.

‘तुम्हाला मानसोपचाराची गरज आहे’ असं म्हटलं की फौजी माणूस पाय मागं घेतो. ‘तुमची झोप होत नाही, एकदा झोपेसाठी डॉक्टरांकडे जाऊन येऊ’ असं म्हणा. झोप हे दार बहुतेकांना चालतं. आणि पलटणीतल्या जुन्या सोबत्याला बोलवा. जे बायकोला वीस वर्षांत सांगितलं नाही, ते एका रात्रीत त्याच्याजवळ निघतं, कारण त्याला निम्मं न सांगताच कळतं.

दारूबद्दल स्पष्ट लिहायला हवं. कँटीनचा कोटा हा गावात मानाचा विषय आहे. त्या बाटल्यांवर पाहुणचार होतो, कामं होतात. पण न येणारी झोप आणि न बोललेली गोष्ट यांवर रोज रात्री तीच बाटली औषध म्हणून घेतली जाऊ लागली, की ती घर पोखरते. जुनी, भारी सवय असलेल्या माणसानं एका दिवसात अचानक सोडणंही धोक्याचं आहे. झटके, भ्रम होऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा. पुण्यात १९८६ पासून काम करणारं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र अनेक मराठी घरांना ठाऊक आहे. तिथं आणि तशा इतर केंद्रांत कुटुंबालाही सोबत घेतलं जातं.

आणि एक अवघड गोष्ट. निवृत्तीनंतर गनमनची नोकरी करणाऱ्यांच्या घरात परवान्याची बंदूक असते. माणूस खचलेला दिसला, निरवानिरवीची भाषा करू लागला, वस्तू वाटून टाकू लागला, तर ती बंदूक काही काळ घराबाहेर, कायदेशीर ताब्यात ठेवण्याची व्यवस्था पोलीस ठाण्यात विचारून करा. आणि त्यांना थेट विचारा, ‘जीव नकोसा वाटतो का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट इतके दिवस एकट्यानं वाहिलेलं ओझं खाली ठेवायला जागा मिळते.

कागद: एक फाईल, तीन प्रती

फौजेत कागदाचं सगळं काम कंपनीचा क्लार्क करतो. बाहेर आल्यावर तो क्लार्क नसतो. म्हणून पहिल्याच महिन्यात एक फाईल करा. तिच्यात डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), माजी सैनिक ओळखपत्र, ईसीएचएस कार्डाची प्रत, रिलीज मेडिकल बोर्डाचे (निवृत्तीवेळच्या वैद्यकीय तपासणीचे) कागद, लग्नाच्या आणि मुलांच्या जन्माच्या पार्ट टू ऑर्डरी (फौजेतल्या अधिकृत नोंदी), आधार, पॅन आणि बँकेचं पासबुक असू द्या. मूळ कागद एका जागी, दोन झेरॉक्स संच वेगवेगळ्या घरांत, आणि मोबाइलमध्ये फोटो.

मग पत्नीचं नाव तपासा. पलटणीच्या रेकॉर्डमध्ये, पीपीओवर, आधारवर आणि बँकेत तिचं नाव आणि जन्मतारीख अक्षरानं अक्षर एकच आहे का? आण्णा गेले तेव्हा आईचं नाव रेकॉर्डमध्ये एक होतं आणि आधारवर त्याला ‘बाई’ जोडलेलं. त्या दोन अक्षरांपायी तिचं कुटुंब निवृत्तिवेतन दहा महिने थांबलं. दु:खात असलेली बाई कचेरीच्या बाकावर बसून ‘मीच ती’ हे सिद्ध करत होती. ही दुरुस्ती माणूस जिवंत असताना रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे एका अर्जानं होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कल्याण संघटक असतात, ते अर्ज भरायला मदत करतात. पेन्शनचं खातं पत्नीसोबत संयुक्त ठेवा.

पेन्शन आता ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीतून येते. वर्षातून एकदा हयातीची नोंद करावी लागते. ती चुकली की पेन्शन थांबते. पासवर्ड एकट्या माणसाच्या डोक्यात ठेवू नका आणि कुणा अनोळखी मदतनिसाला तर सांगूच नका.

जे अजून नोकरीत आहेत आणि वर्ष-दोन वर्षांत बाहेर पडणार आहेत, त्यांना कळकळीनं सांगते: रिलीज मेडिकल बोर्डापुढं काहीही लपवू नका. ‘सगळं ठीक आहे साहेब’ म्हणून सही करण्यात मर्दुमकी नाही. गुडघा, कान, कंबर, झोप, रक्तदाब, हिमदंश, सगळं सांगा आणि लिहून घ्यायला लावा. अपंगत्व पेन्शनसाठी अपंगत्व किमान २० टक्के आणि सेवेशी जोडलेलं असावं लागतं. भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार सेवेत उद्भवला, तर तो सेवेमुळे जडला असं गृहीत धरावं, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली धरमवीर सिंह यांच्या खटल्यात मांडलं. २०२३ मध्ये पात्रतेचे नियम नव्यानं आले आहेत, त्यामुळे तुमच्या निवृत्तीच्या तारखेला कोणते नियम लागू होतात ते जाणकाराकडून बघून घ्या. दाद मागण्यासाठी सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे आणि त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे.

एकरकमी पैसा

निवृत्तीच्या दिवशी ग्रॅच्युइटी, फंड आणि पेन्शनचं कम्युटेशन मिळून जी रक्कम हातात पडते, ती बहुतेकांनी आयुष्यात पहिल्यांदाच एकत्र पाहिलेली असते. ती येण्याआधीच गावात बातमी पोचते. ट्रॅक्टरवाला येतो, प्लॉटवाला येतो, दामदुप्पट देणारा येतो, आणि ‘मेजर, भागीत धंदा टाकू’ म्हणणारा लांबचा भाऊही येतो. फौजेत शब्दावर विश्वास ठेवून जगलेला माणूस इथं सहज फसतो.

म्हणून ती रक्कम पहिलं वर्षभर राष्ट्रीयीकृत बँकेच्या किंवा पोस्टाच्या ठेवीत ठेवा आणि मागायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगा, पैसे एक वर्षासाठी बांधलेले आहेत. कम्युटेशनबद्दल नीट समजून घ्या: जवानाला पेन्शनचा निम्म्यापर्यंतचा भाग आगाऊ घेता येतो, पण तेवढी मासिक पेन्शन १५ वर्षं कापली जाते आणि त्यानंतर पूर्ववत होते. चाळिशीत घेतलेल्या रकमेची कपात मुलांचं शिक्षण आणि लग्नं याच काळात चालू राहणार, हे लक्षात ठेवा. पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत निवृत्त सैनिकांना वयाच्या पन्नाशीपासून खातं काढता येतं. साठीची वाट पाहावी लागत नाही.

मुलांसाठी केंद्रीय सैनिक बोर्डाची पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे. बारावीला किमान ६० टक्के गुण मिळवून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या मुलींना महिना ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये मिळतात. जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणाऱ्या मुलामुलींसाठी सैनिकी वसतिगृहंही आहेत. या सगळ्याची वाट जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून जाते, म्हणून निवृत्तीनंतर पहिली नोंदणी तिथं करा.

काम: पगारापेक्षा मोठी गरज

चाळिशीतला, अंगात बळ असलेला माणूस पारावर बसून राहिला की आतून कुजतो. काल त्याच्या शब्दावर दहा माणसं हलत होती, आज त्याला कुणी विचारत नाही. ही पोकळी पेन्शननं भरत नाही.

केंद्र सरकारच्या गट क पदांत १० टक्के आणि गट ड पदांत २० टक्के जागा माजी सैनिकांसाठी राखीव असतात, बँकांमध्येही राखीव जागा असतात आणि महाराष्ट्र शासनाच्या भरतीत समांतर आरक्षण आहे. दहावी उत्तीर्ण असून १५ वर्षं सेवा झालेल्यांना, पदवीची अट असलेल्या पण तांत्रिक नसलेल्या गट क पदांसाठीही केंद्र सरकारकडे अर्ज करता येतो. हे अनेकांना ठाऊकच नसतं. सुरक्षा रक्षकाचं काम हवं असेल तर महाराष्ट्र माजी सैनिक महामंडळ, म्हणजे मेस्को, आहे.

पण सुरक्षा रक्षक हे एकच काम आपल्यासाठी आहे असं समजू नका. सिग्नलमध्ये काम केलेला माणूस संपर्कयंत्रणा जाणतो, ईएमई या यंत्रदुरुस्तीच्या शाखेतला गाड्या आणि यंत्रं जाणतो, नर्सिंग असिस्टंटला रुग्ण सांभाळता येतो, स्टोअर सांभाळलेल्याला गोदाम चालवता येतं. अर्जात हुद्दा लिहून थांबू नका. किती माणसं सांभाळली, किती गाड्यांची जबाबदारी होती, कोणतं यंत्र दुरुस्त करता येतं, ते नागरी माणसाला कळेल अशा भाषेत लिहा. मुलाखतीत हे सांगायचा सराव मुलीला समोर बसवून करा.

अग्निवीरांच्या आईवडिलांसाठी एक वेगळा परिच्छेद हवा. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या या योजनेत सेवा चार वर्षांची आहे आणि जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर पुढं कायम होतात. बाकीच्यांना सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधी मिळतो. पेन्शन, ग्रॅच्युइटी आणि ईसीएचएस मिळत नाही. पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून भरतात. परतलेल्या मुलाला ‘काढून टाकला’ असं कुणी म्हणणार नाही याची काळजी घरानं घ्यावी, आणि राहिलेलं शिक्षण पूर्ण करण्याचा बेत तो नोकरीत असतानाच आखावा.

आमच्या घरात मार्ग निघाला तो असा. एका सकाळी शेजारचा एक मुलगा भरतीच्या तयारीसाठी आण्णांकडे आला. मग तिघे आले. वर्षभरात गावठाणाच्या मैदानावर पहाटे पंधरा-वीस पोरं १६०० मीटर पळू लागली आणि आण्णा शिट्टी घेऊन उभे राहिले. आम्हाला अंगणात उभं करणं आपोआप थांबलं. त्यांच्या पहाटेला, त्यांच्या आवाजाला, त्यांच्या शिस्तीला जागा मिळाली होती. थोरला भाऊ त्यांच्याशी पुन्हा बोलू लागला तो त्याच मैदानावर, घड्याळ धरून पोरांच्या वेळा सांगताना.

फाईल उघडा, पण त्यांच्यासोबत

आईच्या पेन्शनसाठी कागद शोधताना मी आण्णांचं डिस्चार्ज बुक पहिल्यांदा हातात घेतलं. पदकांच्या रकान्यात सियाचीन ग्लेशियर मेडल लिहिलेलं होतं. आण्णा सियाचीनला होते हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आईलाही नाही, त्या वर्षीच्या पत्रांत त्यांनी ‘काश्मीरकडं आहे, हवा चांगली आहे’ एवढंच लिहिलं होतं. मला पांढरी पडणारी बोटं आठवली. काखेत लपवलेले हात आठवले. मेडिकल बोर्डाच्या कागदावर त्या बोटांची एक ओळही नव्हती. आता विचारायला ते नव्हते.

म्हणून एक काम या रविवारी करा. तुमच्या घरच्या मेजरांना ट्रंक उघडायला सांगा आणि डिस्चार्ज बुक घेऊन त्यांच्या शेजारी बसा. पत्नीचं नाव बरोबर आहे का ते बघा, तारखा जुळतात का ते बघा. मग पदकांचा रकाना येईल, कोर्सचा येईल. तिथं बोट ठेवा आणि विचारा, ‘हे कुठलं?’ पहिल्यांदा उत्तर एका शब्दाचं येईल. घाई करू नका. चहा करा, पुन्हा बसा. कागद तर नीट होतीलच, आणि ज्या वर्षांत ते तुमच्याजवळ नव्हते त्यातलं थोडं काही त्या दिवशी तुमच्या हाती लागेल.